आधी ठेका, मग गळा

सत्यवान मेतर आमच्या एकाही मोर्च्यात चालला नाही. पर्ससीन जाळ्यांच्या विरोधात आम्ही बंदरावर बसलो तेव्हा तो आला नाही, भारनियमनाचा जाब विचारायला वीज कार्यालयात घुसलो तेव्हाही नाही. पण दोन्ही वेळा गावोगाव फिरलेल्या रिक्षातून जे वाजलं ते त्याने केलेलं. मागे ढोल, मध्येच शंख, आणि "बांधवांनो" म्हटल्यावर अंगावर काटा येईल एवढीच शांतता. पुढे चालणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पेपरवाले तर फोटोत कोण मध्ये उभा आहे तेवढंच बघतात. मी सत्यवानावर लिहिते आहे.

आचऱ्याला खाडीच्या काठाला आमची वाडी. सत्यवानाचा बाप आबा मेतर हा होडीवरचा तांडेल, वाऱ्याच्या वासावरून बांगडा कुठे आहे सांगणारा. आणि त्याचा हा एकुलता एक झील समुद्रात नेला की ओकायचा. आबाने दोन हंगाम प्रयत्न केला, मग सोडून दिलं. वाडीला चिडवायला कारणच पाहिजे असतं. "सत्याक काठार उभो केलो तरी लाटा मोजून ओकता," असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो हसायचा आणि भजनाच्या पेटीजवळ जाऊन बसायचा. पेटीवरून कणकवलीच्या एका ऑर्केस्ट्रात गेला, कीबोर्ड वाजवायला. आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला कॅसिओच म्हणतात. म्हणून हा कॅसिओवालो सत्या. जत्रा, लग्नं, सार्वजनिक गणपती. अठ्ठ्याण्णव सालापासून पाच-सहा वर्षं त्याने सुखाची काढली. मग डीजेच्या भिंती आल्या आणि ऑर्केस्ट्रे एकामागून एक मोडले. यांचा म्होरक्या होता त्याला सगळे भाई म्हणायचे. भाईने मोबाइलचं दुकान टाकलं आणि ऑर्केस्ट्रातलं रिदम मशीन सत्यवानाला देऊन टाकलं. ते मशीन म्हणजे पाटाएवढा डबा. तबला, ढोलकी, ताशे, सगळे ठेके पोटात भरलेले. कणकवलीत एक सायबर कॅफे बंद पडत होतं, तिथला एक कॉम्प्युटर सत्यवानाने उचलला, आणि घराच्या पडवीत स्टुडिओ सुरू झाला.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोणपाटं, त्यावर आबाची जुनी जाळी घड्या करून ठोकलेली, आवाज घुमू नये म्हणून. जाळी कितीही धुतली तरी सुकटीचा वास जात नाही. माइकसमोर उभा राहिलेला भजनीबुवा आधी शिंकायचा, मग गजर म्हणायचा.

सत्यवानाचा कामाचा एक नियम होता आणि तो मोडायला देव आला तरी तयार नव्हता. आधी ठेका, मग गळा. पहिल्यांदा रिदम मशीनचा ठेका कॉम्प्युटरात भरायचा, त्यावर कॅसिओ, त्यावर टाळ, आणि सगळं पक्कं झालं की शेवटी गाणाऱ्याला बोलवायचं. "नवरी मांडवात शेवटी येता ताय," असं मला सांगायचा. मी त्याची चुलतबहीण, शेजारचं घर माझं. मी म्हटलं होतं, "नवरी पळून गेली तर मांडव कोणाला घालणार?" तेव्हा थट्टाच होती ती.

त्याची बायको जानकी. तिठ्यावर मासे विकायची. तिचा आवाज गोड नव्हता, कोणी तसं म्हटलं तर ते खोटं आहे. जाड होता, थोडा चिरलेला, पण गर्दीतून सरळ येऊन कानाला लागायचा. चतुर्थीत आमच्याकडे बायका घरोघरी गणपतीपुढे फुगड्या घालतात, तेव्हा गाणं उचलायची ती जानकीच. तिचं एक गाणं वाडीत तिच्याच नावाने चालायचं:

भरती इली गो सये, खाडी भरली
म्हायेरची होडी गो दाराक लागली

फुगडीचं एक असतं. सुरुवातीला बायका संथ फिरतात, पाय चाचपत. मग गाणारी गाणं चढवते, म्हणजे चाल तीच ठेवून वेग वाढवत नेते, आणि तिच्या मागून सगळ्यांचे पाय धावतात. किती चढवायचं आणि कुठे, हे गाणारीला कळावं लागतं. लवकर चढवलं तर म्हाताऱ्या पडतात, उशीर केला तर पोरी कंटाळतात. जानकी बायकांच्या पायांकडे बघत गायची. तिच्या फुगडीत कोणी पडलेलं मला आठवत नाही.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिचा आवाज बसला. आधी वाटलं, तिठ्यावर ओरडून बसला. काढे झाले, मध-आलं झालं, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. मग मीच तिला ओढून मालवणला नेलं, तिथून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. आमच्या जिल्ह्यात गळ्याचा डॉक्टर मिळायला पेशंटचं नशीब लागतं, ते नंतर कधीतरी बोलू, नाहीतर हा लेख तिकडेच जाईल. तिथल्या डॉक्टरने नीट सांगितलं, खुर्चीत बसवून सांगितलं. गळ्यात गाठ आहे, ती वाईट आहे, आणि ती काढायची म्हणजे आवाजाची पेटीच काढावी लागेल. बाई जगेल, बोलणार नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी दाखल व्हा.

जानकी रडली नाही. घरी आली, आंघोळ केली आणि पडवीत जाऊन सत्यवानासमोर उभी राहिली. उर्वशी, त्यांचं चेडू म्हणजे लेक, तेव्हा जेमतेम चार वर्षांची. ती मशीनच्या खोक्यात बसून खेळत होती.

"माझो आवाज हय ठेवून जातंय," जानकी म्हणाली. "हेका कळाक होया, आपली आये कशी म्हणत होती. सगळी गाणी नको. भरतेचा घ्या. ता एक पुरे."

सत्यवान म्हणाला, "एक कित्याक? नीट कॅसेट करूया. सीडी करूया. ठेको, कॅसिओ, सगळा." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला बायकोला द्यायला हेच येत होतं. नुसता आवाज धरून ठेवणं त्याला फाटक्या कपड्यात फोटो काढल्यासारखं वाटलं असावं. आधी ठेका.

आणि ठेक्यातच घोडं अडलं.

मला यातलं त्याने समजावलं तेवढंच येतं, ते सांगते. कॉम्प्युटरात कॅसिओ भरायचा आणि ठेका रिदम मशीनमधून यायचा, म्हणजे दोघांनी एका चालीने चाललं पाहिजे. त्यासाठी दोघांमध्ये एक तार असते. त्या तारेतून कॉम्प्युटर मशीनला सारख्या टिचक्या मारत राहतो, एका मात्रेला चोवीस. याला ते लोक घड्याळ म्हणतात. मशीनने स्वतःचं घड्याळ बंद ठेवून त्या टिचक्यांवर पाय टाकायचा. रापण ओढताना एकजण आरोळी देतो आणि बाकीचे त्यावर दोर खेचतात, तसंच. प्रत्येकाने आपल्या मनाने खेचलं तर जाळं तिरकं येतं आणि मासे बाजूने जातात.

सत्यवानाचं मशीन कॉम्प्युटरबरोबर सुरू व्हायचं, पहिली दोन कडवी बरोबर चालायचं आणि तिसऱ्या कडव्याला तिरकं व्हायचं. ढोलकी एकीकडे, कॅसिओ दुसरीकडे. त्याने मशीनचं पुस्तक काढलं. इंग्रजी पुस्तक, अर्धं वाळवीने खाल्लेलं. त्यात त्याला सापडलं, की मशीनला सांगावं लागतं: घड्याळ स्वतःचं वापर की बाहेरचं. याचं स्वतःच्यावर होतं. 'चल' म्हटलेलं ते ऐकायचं, टिचक्या ऐकायचं नाही. त्याने ते बाहेरच्यावर टाकलं. चाललं. मला हाक मारून ऐकवलं, पाचही कडवी एकत्र. मी म्हटलं, झालं तर मग, बोलव जानकीला.

ती पितळेच्या तांब्यात कोमट पाणी घेऊन आली, माइकसमोर बसली, कानांवर ते मोठे गोळे लावले. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यापर्यंत छान. तिसऱ्याला जानकी पुढे गेली, ठेका मागे राहिला.

"जानके, ठेक्यार ऱ्हव," सत्यवान म्हणाला.

"ठेक्यारच आसंय."

"नाय. धावतंस."

"मी धावणंय नाय, फुगडी धावता. हय चढवूचा लागता."

"स्टुडिओत चढवूक नाय. मशीन चढणा नाय."

"मगे मशिनीक फुगडी घालूक लावा," जानकी म्हणाली, आणि मी मोठ्याने हसले.

त्याने ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. कॉम्प्युटरात जागा नव्हती, नवीन घ्यायचं तर जुनं पुसावंच लागायचं. पण जागा असती तरी त्याने पुसलं असतं. ऑर्केस्ट्रात वाढलेला माणूस. ठेका सुटलेलं गाणं ठेवणं म्हणजे त्याला उघड्यावर कचरा टाकल्यासारखं.

दुपारी लाइट गेली. त्या वर्षी आमच्याकडे लाइट देवासारखी होती, तिच्या मर्जीने दर्शन द्यायची. लाइट आली, सत्यवानाने पुन्हा सगळं जुळवलं, मशीनवर हाताने वेग लावला, जानकीला बसवलं. या वेळी ती त्याच्या धाकाने सरळ गायली, न चढवता, दात काढून घ्यायला बसल्यासारखी. आणि या वेळी मशीन तिरकं झालं. त्याने तेही पुसलं.

असं सुरू झालं आणि थांबेचना. कधी जानकी पुढे, कधी मशीन पुढे. एकदा वाटायचं बाई चुकते, एकदा वाटायचं डबा चुकतो. त्याने तार बदलली. कणकवलीला जाऊन दुसरी आणली. भाईला फोन केला. भाई म्हणाला कॉम्प्युटर जुना आहे, टिचक्या उशिरा मारत असेल, बाकीचं सगळं बंद करून बघ. त्याने बाकीचं सगळं बंद केलं. कॉम्प्युटरचं झाकण काढून आत पंखा लावला. मशीनखाली रबर घातलं. एक दिवस तर त्याने घरातला फ्रिज बंद ठेवला, तारेत विजेचा गोंधळ नको म्हणून, आणि जानकीचा पापलेट फुकट गेला.

त्याची आई यमुनाबाई चुलीपाशी बसून ऐकायची. "आमच्या वेळार फुगडीक नुसते पाय लागत," म्हणायची. "आता वायर लागता."

जानकी दर वेळी उठून यायची. गरम पाणी प्यायची, बसायची, गायची. तेच गाणं, पुन्हा पुन्हा. आवाज दर वेळी थोडा आत गेलेला असायचा, विहिरीतलं पाणी वैशाखात जातं तसा. ते मला ऐकू येत होतं, यमुनाबाईंना ऐकू येत होतं. सत्यवानाला फक्त ठेका ऐकू येत होता. एकदा मी संतापले. म्हटलं, "सत्या, डबा बंद कर आणि तिला नुसती गाऊ दे. काय ते नंतर लाव."

"नंतर लागणा नाय ताय. मोकळ्या गळ्यार ठेको बसणा नाय. आयुष्यभर तसाच उघडा ऱ्हवात."

"राहू दे उघडं."

जानकीनेच मला थांबवलं. "ऱ्हवांदे गो ताय. मशीन हेंचा ऐकणा नाय, हे माझा ऐकणत नाय. पण करतत ता माझ्यासाठीच मा?" तिने त्याला कधी दुखवलं नाही. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिची पिशवी भरायला गेले होते. पडवीतून सत्यवानाची हाक आली, "ताय, ये हय." मशीन आणि कॉम्प्युटर एकत्र चालले होते, एकदम पक्के. तो जानकीला बोलवायला उठला, तेवढ्यात लाइट गेली आणि लगेच आली. डोळा मिटून उघडावा तेवढंच. त्याने पुन्हा सगळं चालू केलं. मशीन तिरकं.

या दोन वेळांच्या मध्ये कोणीच कशाला हात लावला नव्हता. फक्त लाइट गेली होती. तो खाली वाकला, मशीनची ती अंधुक झालेली छोटी काच धोतराच्या सोग्याने पुसावी तशी शर्टाच्या टोकाने पुसली, आणि आतली खूण वाचली. घड्याळ: स्वतःचं.

मशीनच्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी असते. लाइट गेली तरी सांगितलेलं लक्षात ठेवायला. ती मेली होती, केव्हाच, ऑर्केस्ट्रात असतानाच. पण ऑर्केस्ट्रात मशीन एकटंच वाजायचं, त्याला कोणाच्या घड्याळाशी घेणंदेणं नव्हतं, आणि वेग सत्यवान दर वेळी हातानेच लावायचा. ती सवय हाताला बसलेली. त्यामुळे मशीन सगळं विसरतं आहे, हे इतकी वर्षं कोणाला कळलंच नाही. पहिल्याच दिवशी त्याने रोग बरोबर ओळखला होता आणि दर भारनियमनाला तो परत येत होता. तार बदलली, रबर घातलं, की तो पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून करायचा, त्यात घड्याळही पुन्हा बाहेरच्यावर जायचं, आणि त्याला वाटायचं गुण तारेचा. त्यानंतर लाइट टिकली तर मशीन ऐकायचं, आणि मग जानकी पुढे जायची. लाइट गेली की मशीन ऐकायचं नाही. दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्याने त्यांना एक समजून अख्खा आषाढ घालवला.

तो तिठ्यावर धावला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या सुशांतकडून बॅटरी आणली, स्वतः डाग देऊन बसवली. मुद्दाम मेन स्विच पाडला, पुन्हा लावला. मशीनला आठवत होतं. तो लहान मुलासारखा हसला. आणि त्या आनंदात त्याला दुसरंही सुचलं. मशीन जर कॉम्प्युटरच्या टिचक्यांवर चालतं, तर टिचक्याच हळूहळू जवळ आणल्या तर? कॉम्प्युटरात वेगाची एक रेघ असते, ती सरळ ठेवायची असं कोणी सांगितलंय? ती वर नेली की मशीन चढेल.

"जानके, तुझा खरा. चढवूचाच होता," तो म्हणाला. "ये. खंय चढवतंस ता दाखय."

जानकी आली. तिने पाणी प्यायलं, पदर सारखा केला आणि गायला तोंड उघडलं.

"नको नको, गाव नको," सत्यवान म्हणाला. "गळो राखून ठेव. उद्या सकाळी ताजो घेवया, जायच्या आधी. आता टाळी दी फक्त."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मांडी घालून बसली आणि टाळी द्यायला लागली. मनातल्या मनात गात होती, ओठ हलत होते. संथ, संथ, मग जरा घाई, मग पुन्हा थोडी धरून, आणि शेवटच्या कडव्याला सुटली. समोर बायका नव्हत्या तरी तिचे डोळे जमिनीवर होते, पाय बघितल्यासारखे. सत्यवान एका हाताने तिच्या टाळीबरोबर बोट आपटत कॉम्प्युटरात ती रेघ वर नेत होता. संध्याकाळपर्यंत ठेका तयार झाला. पहिल्यांदा तो मशीनचा ठेका फुगडीसारखा वाजला. यमुनाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या मान हलवायला लागल्या.

सकाळी जीप दारात होती. जानकी नवी साडी नेसून माइकसमोर बसली. उर्वशीला यमुनाबाईंनी मांडीवर घेतलं. ठेका सुरू झाला. जानकीने तोंड उघडलं आणि हवा आली. नुसती हवा, भात्यातून येते तशी. तिने घसा खाकरला, पाणी प्यायलं, पुन्हा तोंड उघडलं. सत्यवानाने मशीन थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग पुन्हा. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जानकीने कानांवरचे गोळे काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली, जाग्यावर ठेवली आणि जाऊन जीपमध्ये बसली.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. ती परत आली ती गळ्यावर पांढरं फडकं बांधून, त्याच्यामागे श्वासाचं भोक. चतुर्थीत फुगडीचं गाणं वाडीतल्या सीताने उचललं. सीता बरी गाते, पण ती स्वतःच्या तालात गाते, पायांकडे बघत नाही. किशोरीवैनी पडल्या, गुडघा फुटला. जानकी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिचा हात मांडीवर चालला होता आणि कोणी बघितलं की थांबायचा.

महिन्याभराने ती तिठ्यावर पाटी घेऊन बसायला लागली. गिऱ्हाइकं तिच्याशी ओरडून बोलायची, जणू ती बहिरी. मी दोघा-तिघांना तिथेच झापलं. जानकी मला हाताने 'बस खाली' म्हणायची.

सत्यवान मात्र शोधायला लागला. पुसलेलं परत आणता येतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून कॉम्प्युटरची डिस्क काढून कणकवलीला नेली. तिथल्या पोराने दोन दिवस खटपट केली आणि सांगितलं, पुसलं असतं तर आणलं असतं, यावर तुम्ही दर वेळी नवीन लिहिलंय. एकावर एक. खालचं राहत नाही. मग तो लोकांच्या घरी गेला. लग्नाच्या, बारशाच्या व्हिडिओ सीड्या मागितल्या. वाडीतल्या विमलाच्या लग्नात जानकी अख्खी रात्र गायली होती, हे सगळ्यांना आठवत होतं. सीडी लावली. जानकी दिसते, तोंड हलतं, बायका फिरतात. आवाज सिनेमातल्या गाण्याचा. व्हिडिओवाल्याने मूळ आवाज काढून टाकून वरून तो घातला होता, सगळ्याच सीड्यांत तेच. सत्यवान पडद्याजवळ जाऊन तिच्या ओठांकडे बघत बसला. कोणीतरी टीव्ही बंद केला.

यमुनाबाई एकदा रागाने म्हणाल्या, "तुझ्या मशिनीन माझ्या सुनेचो आवाज गिळल्यान." जानकीने सासूकडे असं बघितलं की त्यांनी परत कधी तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी रोग परत आला, आता फुप्फुसात. दोन हजार आठच्या पावसाळ्यात, दहीकाल्याच्या सुमारास जानकी गेली. शेवटी शेवटी ती सत्यवानाचा हात धरून त्यावर बोटाने हळूच मारत राहायची. काय सांगायचं होतं ते त्याला कळत असेल. आम्हाला तो कधी बोलला नाही.

पडवी त्याने बंद केली नाही. पण आता कोणी भजनीबुवा आला तर तो आधी माइक लावतो आणि म्हणतो, म्हणा. ठेका नाही, पेटी नाही. बुवांना ते जमत नाही, ते चिडतात. सत्यवान पराडकरबुवा, याच्याच नावाचे, ते तर भांडायलाच उठले. "ठेक्याशिवाय म्हणू कसो? नागडो उभो केल्यासारख्या वाटता."

"म्हणा बुवा. तुमी आज आसास."

बुवा बसले आणि म्हणाले. मागून ठेका बसवताना याचे हाल होतात. मोकळा गळा कधी इकडे जातो, कधी तिकडे, आणि ती वेगाची रेघ त्याला तसतशी वाकवावी लागते, मात्रा मात्रा धरून. एका गाण्याला आठवडा जातो. लोक कुडाळच्या स्टुडिओत जायला लागलेत, तिथे दुपारी गेलं की संध्याकाळी सीडी हातात. मी त्याला म्हटलं, अरे, पोट आहे. तो म्हणाला, जाऊ देत.

परवा चतुर्थीच्या आधी मी आमच्या सभेची जाहिरात करून घ्यायला गेले होते. उर्वशी आता आठ वर्षांची. शाळेत कोणीतरी तिला विचारलं असणार. तिने बापाला विचारलं, "बाबा, आयेचो आवाज कसो होतो?"

सत्यवानाने कॉम्प्युटरात ते गाणं काढलं. चार वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. ढोलकी सुरू झाली, संथ. कॅसिओची चाल आली आणि मध्ये मोकळी जागा, जिथे गाणं यायचं. उर्वशी कान देऊन ऐकत होती. ठेका चढायला लागला. ती वाट बघत होती, मान थोडी पुढे करून. चढला, आणि संपला.

"ह्यात आये खंय आसा?"

सत्यवानाने पडद्यावर बोट ठेवलं. सरळ गेलेली रेघ, मग वर, मग जराशी सपाट, मग एकदम वर. "ही बघ. हय तिणा धरल्यान. आणि हय सोडल्यान."

उर्वशीने त्या रेघेवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे. मग बापाकडे बघून म्हणाली, "पण आवाज?"

"नाय गो बाय," सत्यवान म्हणाला. "आवाज मी घेवक नाय."

तिने मान हलवली. मग मैत्रिणीने हाक मारली म्हणून बाहेर गेली. सत्यवानाने माझा कागद हातात घेतला आणि म्हणाला, "वाच ताय, आधी तुझो आवाज घेवया." मला पहिला शब्द काढायला फार वेळ लागला. तो थांबला, मशीन बंद ठेवून.